थेरपिस्टांचं आपसात पटत नाही, मधे आमचं पोर

सिंहगडरोडची_आई: मुलगा पावणेपाच वर्षांचा, ऑटिझम. स्पीचवाल्या ताईंनी चित्रांची कार्डं सुरू केली, पाणी, झोका, ‘बास’. दोन महिन्यांत आपणहून कार्ड आणून हातात द्यायला लागला, मला तर रडूच आलं. पण बिहेवियरवाले सर तीच कार्डं वरच्या फळीवर ठेवतात, तोंडाने ‘पा’ म्हटल्याशिवाय पाणी नाही. परवा काचेतून बघितलं तर फळीकडे हात करून करून शेवटी खाली बसला आणि स्वतःचंच मनगट चावलं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून) मॅडम म्हणतात मलाही पटत नाही, पण दुसऱ्याच्या सेशनबद्दल बोलणं बरं दिसत नाही. सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे नुसते अंगठे. मी बोलले तर स्लॉट जाईल अशी भीती, काय करू?

पिंपळे_सौदागर१४: सेम. तीन सेंटर, तीन फायली आणि निरोप्या मी.

चिनूचे_बाबा: सरांची पण बाजू बघा ना, मूल बोलतं व्हावं म्हणूनच करतायत. शाळेत ॲडमिशनला पहिला प्रश्न तोच असतो, बोलतो का.

स्पीचवाली: याच लाईनमध्ये आहे म्हणून लिहिते. कार्डांमुळे बोलणं मागे पडतं हा जुना गैरसमज, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतंच. आणि बाबा, पाणी अडवून शब्द काढायचा? ‘बास’ फळीवर गेलं म्हणजे त्याने नाही म्हणायची सोयच गेली, मग मनगट चावेल नाहीतर काय करेल. ओटी मॅडमचं ‘बरं दिसत नाही’ मला जास्त खटकलं, मूल त्यांचंही आहे की. हे स्पीच ताईंनी सरांशी थेट बोलायचंय, तुमच्या तोंडून निरोप नको. आणि सरांचं रजिस्ट्रेशन विचारा. स्पीच, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांना आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, केंद्राची नोंदणी करणारी संस्था) नंबर असतो, ओटींची राज्याची कौन्सिल वेगळी. नुसता कोर्स करून पाटी लावली असेल तर उद्या तक्रार नेणार कुठे?

सिंहगडरोडची_आई: ताईंना फोन केला. त्यांना फळीचं माहीतच नव्हतं!! ग्रुपवर येणारे व्हिडिओ फक्त ‘पा’ म्हटल्यानंतरचे असायचे. शनिवारी तिघांना एकत्र बसवतायत. तोवर ‘बास’चं कार्ड दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घातलंय, सरांना सांगितलं हे काढायचं नाही. ‘बघू’ म्हणाले.