मदत हवी आहे: थेरपिस्ट बोलूच देत नाहीत, ‘शरीरात कुठे जाणवतंय’ एवढंच विचारतात

कातरवेळ
चार सेशन झाली. मी सांगायला लागले की मॅडम थांबवतात. “हे सांगताना अंगात कुठे काय होतंय?” परवा म्हणाल्या, पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तू एकेक करून बघा. घरी येईपर्यंत थरथरत होते. पुढे जाऊ की सोडू? शुक्रवारची वेळ आहे, लवकर सांगा.

सिंहगड_रविवारी
कशासाठी जाताय तेच लिहिलं नाहीत. थरथर किती वेळ टिकली? मॅडमचं शिक्षण काय?

आळंदीकर
माझं ऐका, विपश्यना करा. मरकळच्या केंद्रात दहा दिवस. मी माणसात आलो.

सिंहगड_रविवारी
आळंदीकर, तिथल्या अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते उगाच नाही. कुणालाही दहा दिवस मौनात पाठवू नका.

आळंदीकर
मी अनुभवाचं सांगितलं. तुम्ही बसलात का कधी?

चाफा७
हे सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग वाटतंय, पीटर लेव्हिन यांची पद्धत. संकटात शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. दोन्ही जमलं नाही की थिजतं, आणि ती ताकद आतच अडकते असं ते मानतात. म्हणून थोडं थोडं उकलतात. थरथर त्यात होते, पण घरी येईपर्यंत टिकली तर वेग जास्त झाला, मॅडमना सांगाच. अजून एक, डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये मानसिक आघातासाठी सुचवलेल्या उपचारांत सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम) होते, ही पद्धत नव्हती. माझ्या बहिणीला मात्र हिनेच झोप लागायला लागली.

कातरवेळ
अपघात. दीड वर्ष झालं, पुण्यात नवले पुलाच्या उतारावर. बाबा चालवत होते, मी मागे. ते गेले. आता मी न रडता सगळं सांगते, पाठ झालंय. पण ट्रकचा हॉर्न आला की मान आखडते आणि उजवा पाय ब्रेक दाबतो. मी तर मागे बसले होते.

वारजेकर
त्या उतारावर किती जीव जायचे अजून! कात्रजच्या बोगद्यातून अवजड गाड्या न्यूट्रलवर सोडतात.

फिजिओ_मावशी
मानेचा एक्स-रे काढलाय का? शेक घ्या.

चाफा७
कातरवेळ, पाठ झालंय म्हणूनच त्या थांबवत असतील. गोष्ट तोंडाला येते, पाय अजून ब्रेकवरच आहे. शुक्रवारी पायाचं हे पहिल्यांदा सांगा. आणि मध्ये थांबायचं असेल तर हात वर करायचा, असं ठरवून घ्या.

सिंहगड_रविवारी
आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवते) नोंदणी आहे का तेही विचारा. अंगाला हात लावणार असतील तर आधी तुमचा होकार हवा. रात्री असह्य झालं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

कातरवेळ
पायाचं त्यांना सांगितलंच नव्हतं. आईलाही नाही.