मदत हवी आहे: वडिलांच्या परवान्यावरच्या जुन्या बंदुका हयातीतच मुलांच्या नावे कशा करायच्या?

धागाकर्ता: नारळीपोफळी

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ७४, राहणार रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी. शस्त्र परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, १९९१ पासून खंड न पडता नूतनीकरण झालेला. त्यावर दोन हत्यारं आहेत. एक १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळी, बर्मिंगहॅमची, आजोबांच्या वेळची. दुसरी टोपीची ठासणीची बंदूक (तोंडातून दारू ठासून भरायची, टोपीच्या ठिणगीने उडणारी), तिच्यापुढे ‘शेती संरक्षण’ अशी नोंद. याखेरीज माजघरात खुंटीला एक तोड्याची (जळत्या वातीने उडवायची) बंदूक टांगलेली आहे, तिचा कागद कुठलाच नाही.

वारस चौघं: आई, गावी बागायत बघणारी बहीण, दुबईतला भाऊ आणि मी (राहणार वाकड, पुणे). बाबांची इच्छा आहे की हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत मार्गी लागावं. विकायचं काहीच नाही.

प्रश्न: नोंदणीकृत बक्षीसपत्र केलं तर पुरे का? अर्ज रत्नागिरीत करायचा की पुण्यात? आणि खुंटीवरच्या बंदुकीचं काय करायचं?

प्रतिसाद देणारे सदस्य: तरतूद

बक्षीसपत्र पुरेसं नाही, आणि बहुतेक घरं इथेच अडकतात. बंदुकीची मालकी वेगळी आणि ती जवळ बाळगण्याचा हक्क वेगळा. बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटणीपत्र यांनी मालकी ठरेल. ताबा घ्यायला मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खाली घेणाऱ्याचा स्वतःचा परवाना लागतो. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. बक्षीसपत्र झालं म्हणून बंदूक गाडीत टाकून वाकडला नेलीत, तर कलम २५ खाली तो विनापरवाना ताबाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे, वर दंड. ‘वडिलांचीच होती’ या उत्तराने त्यातून सुटका होत नाही.

तुमच्यासाठी योग्य वाट म्हणजे शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५. परवानाधारक वारल्यावर त्याच्या वारसाला परवाना देता येतोच. शिवाय परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाचं नाव देऊ शकतो. बाबा दोन्ही अटींत बसतात. वारस २१ वर्षांचा पूर्ण हवा आणि पोलीस अहवाल स्वच्छ हवा.

अर्ज वारस जिथे राहतो तिथल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे. आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्त, नसेल तर जिल्हादंडाधिकारी (म्हणजे जिल्हाधिकारीच). तुम्ही ‘वाकड, पुणे’ लिहिलंय, पण वाकड पुणे शहर आयुक्तालयात येत नाही. २०१८ पासून ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत येईपर्यंत काही महिने सहज जातात.

कागद असे: नमुना ए-१ मधला अर्ज (शस्त्र परवान्याच्या सरकारी पोर्टलवर भरायचा, मग छापील प्रत सह्यांनिशी), ओळख, जन्मतारीख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचं विहित प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बाबांच्या परवाना पुस्तिकेची प्रत, बाबांचं संमतीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. ना-हरकतीत ‘आमची हरकत नाही’ एवढं लिहून भागत नाही. परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार, बोअर आणि शस्त्र क्रमांक, सगळं त्यात आलं पाहिजे. दुबईच्या भावाने ती तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावी. नुसतं व्हॉट्सअपवर आलेलं सहीचं चित्र कामाचं नाही.

सोबत कलम ५(२) ची लेखी सूचना बाबांनी द्यायची: अमुक शस्त्र अमुक व्यक्तीला, अमुक पत्त्यावर हस्तांतरित करायचं आहे. ती जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यायची आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. सूचना परवाना मिळायच्या आधीच देऊन ठेवली की हे दिवस फुकट जात नाहीत.

क्रम मात्र मोडू नका. आधी वारसाचा परवाना, मग त्यावर शस्त्राची नोंद आणि बाबांच्या पुस्तिकेतून ती कमी, आणि शेवटी बंदूक हातात. काडतुसांचंही तसंच. उरलेली चार काडतुसं ‘राहू देत तुझ्याकडे’ म्हणून आधी देऊन ठेवू नयेत.

सह्यकडा

कागदांबद्दल वर सगळं आलंच आहे. माझा मुद्दा वेगळा: दोन्ही बंदुका तुमच्या नावे करूच नका, बहिणीच्या नावे करा.

ठासणीची बंदूक शेती संरक्षणासाठी दिलेली आहे. कलम १३(३) मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखच मुळी खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी असा आहे. वाकडच्या सदनिकेच्या पत्त्यावर वानर आणि रानडुकरांचं कारण कसं टिकणार? बहीण त्याच गावात, बागायत तिच्या हाताखाली. सातबारा आणि प्रत्यक्ष वहिवाट जोडली की तिची गरज कागदावर उघड दिसते. अर्जही रत्नागिरीतच, म्हणजे दोन जिल्ह्यांतल्या कार्यालयांचा पत्रव्यवहार वाचला. मुलगी वारस म्हणून मुलाइतकीच पात्र आहे. तरी कोकणात ‘बंदूक मुलाकडेच’ या सवयीने अर्ज नको तिथून केले जातात आणि मग गरज सिद्ध होत नाही म्हणून नाकारले जातात.

आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. समजा दुनळी तुमच्या नावे झाली आणि ‘असू दे गावीच’ म्हणून बाबांकडे राहिली. बाबांच्या पुस्तिकेतून ती कमी झालेली असेल, म्हणजे त्या दिवसापासून बाबाच विनापरवाना ताबेदार ठरतील. बंदूक जिथे राहणार तिथे राहणाऱ्याच्याच नावे ती असावी.

मर्यादाही ध्यानात घ्या. २०१९ पासून एका माणसाला ३ ऐवजी २ च बंदुका, आणि वारशाने आलेल्यांनाही यातून सूट नाही. बहिणीकडे आधीची एखादी असेल तर दोनपैकी एकच तिला घेता येईल.

जुनं लोखंड

अर्ज टाकण्याआधी भिंग आणि विजेरी घेऊन बसा आणि पुस्तिकेतला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. अर्ज रखडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. १९९१ पासून दर नूतनीकरणाला कुणीतरी हाताने लिहिलेला आकडा असतो. १ चा ७ होतो, ३ चा ८ होतो. इंग्रजी दुनळीवर क्रमांक बहुधा घोड्याच्या कमानीच्या मागे गेलेल्या पट्टीवर असतो, आणि नळ्या उतरवल्यावर त्यांच्या बुडाशी सपाट भागावर व पुढच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर पुन्हा. तिन्ही जागा पाहा. फरक निघाला तर आधी बाबांच्या परवान्यात दुरुस्तीचा अर्ज, हस्तांतरण नंतर. पुस्तिकेवर यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक) आहे ना, तेही बघून घ्या.

गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर घेऊ नका. नळीवरचे छाप आणि क्रमांक केसभरच खोल असतात. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह पुसलेली बंदूक हस्तांतरित करता येत नाही, आणि पुसलेली सापडली तर ज्याच्याकडे आहे त्यानेच पुसली असं गृहीत धरलं जातं. तेलाचं बोट फिरवा, सुती कापडाने टिपा, बस्स.

ठासणीच्या बंदुकीत बार (दारू आणि छर्रे) भरून ठेवलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. बाबांनीच तपासावं, परवाना त्यांचा आहे. निपलवर (नळीच्या बुडाशी टोपी बसवायची बोंडी) टोपी नाही हे आधी पाहायचं. मग नळीचं तोंड माणसांपासून दूर धरून गज अलगद आत सोडायचा आणि तोंडाशी गजावर खूण करायची. तोच गज बाहेरून नळीला लावून खूण तोंडाशी धरली की त्याचं टोक निपलच्या आसपास यायला हवं. तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार आहे. उकरू नका, तापवू नका. पोलीस ठाण्याला सांगून परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडून तो काढून घ्या.

दुनळीच्या नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या वळून घडवलेली, दमास्कस पद्धतीची नळी. तिच्यात आजची काडतुसं घालू नयेत. ती काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली आहे, नळी फाटू शकते. बहिणीला हे लिहूनच द्या.

नारळीपोफळी

खूप आभार. बहिणीचा विचार आमच्या कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. ती तयार आहे. तीन शंका उरल्या. ४५ दिवस कुठल्या तारखेपासून? मधल्या काळात बाबांचं काही बरंवाईट झालं तर? आणि तोड्याच्या बंदुकीबद्दल कृपया सांगा.

तरतूद

सूचना दिल्यापासून. म्हणून दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. टपालाने पाठवलीत तर पोचपावती जपा.

बाबा नसतील त्या दिवशी त्यांचा परवानाही संपला. घरातल्या कुणालाही ती बंदूक घरात ठेवायचा हक्क उरत नाही. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. एसटीने पिशवीत घालून नेऊ नका. आधी ठाण्याला फोन आणि लेखी अर्ज, मग ते सांगतील तसं. पावतीवर प्रकार, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख हवी. ‘एक जुनी बंदूक’ एवढंच लिहिलेली पावती घेऊन परत येऊ नका. जमा शस्त्र परत घ्यायला किंवा विकायला मुदत असते. ती उलटली तर जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून नियम २५ चा अर्ज तेव्हाही लगेच टाकायचा, आणि त्याची पोच जमा पावतीला टाचून ठेवायची.

तोड्याची बंदूक. कलम ४५(सी) खाली जुन्या घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी हत्यारं कायद्यातून वगळली आहेत, पण ती दुरुस्तीनेही चालणार नाहीत अशी हवीत. नळी गंजली, कान (दारू पेटवायचं भोक) बुजला एवढ्याने ती यात बसत नाही; कान साफ केला की ती चालते. फेब्रुवारी २०२० च्या नियम दुरुस्तीने दुर्मीळ वस्तू या वर्गातली लहान शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना नको असं केलं आहे. पण वापरायला, बरोबर न्यायला, वाहतूक करायला तो लागतोच. तुमची बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे आपण ठरवायचं नाही. तिचे दोन्ही बाजूंचे फोटो, लांबी, नळीच्या तोंडाचा व्यास आणि घरात कधीपासून आहे ते लिहून, फौजदारी बघणाऱ्या वकिलामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी खुलासा मागा. तोवर ती खुंटीवरून हलवू नका, कुणाच्या लग्नाच्या फोटोसाठीसुद्धा.

जुनं लोखंड

भावाला ती दुबईत दिवाणखान्यात लावायची हौस असेल तर आत्ताच सांगून टाका. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

सह्यकडा

आणि निवडणूक लागली की परवान्यावरची शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात, हे धरून चला. बहिणीचा अर्ज त्या काळात चालू असेल तर जमा पावती बाबांच्याच नावची हवी आणि दोन्ही क्रमांक तिच्यावर वेगवेगळे लिहून घ्यावेत. दोन्हींची नोंद एकत्र असली तर बंदूक सोडवताना एकीच्या नोंदीसाठी दुसरीही अडून बसते.