मदत हवी आहे: एकाच यानाने ५ मेलेले रॉकेट टप्पे खाली आणायचेत, इंधनाचं गणित बसत नाहीये

धूमकेतू_२:

नमस्कार मंडळी, एरोस्पेसच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय. या विषयातलं कुणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

विषय कक्षेतला कचरा काढण्याचा. मी झेनिट-२ रॉकेटचे वरचे टप्पे निवडलेत, ज्यांना कॅटलॉगमध्ये एसएल-१६ म्हणतात. एकेक साधारण ९ टनांचा, बसएवढा लांब, आणि असे दीड डझन ८४० किमी उंचीच्या आसपास विषुववृत्ताशी ७१ अंशांच्या कलाने कितीतरी वर्षं नुसते फिरतायत. २०२० मध्ये वेगवेगळ्या देशांच्या तज्ज्ञांनी सर्वात धोकादायक ५० वस्तूंची यादी काढली तर पहिले २० च्या २० हेच निघाले. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह सायबेरियाच्या वर आदळले, दोन्ही मिळून साधारण दीड टनाचे, तरी रडारला दिसतील असे २००० हून जास्त तुकडे झाले. आता ९ टनांचे असे दोन आदळले तर काय होईल याचा विचार आला की मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं, कारण ८४० किमीवर हवा इतकी विरळ आहे की तिथला तुकडा आपणहून खाली यायला शंभर वर्षंसुद्धा कमी पडतात.

नासाच्या जे.-सी. लिओ यांच्या मॉडेलमध्ये असं आलं होतं की नवीन उपग्रह नियमाप्रमाणे खाली आणत राहिलो आणि वर दरवर्षी ५ मोठ्या वस्तू काढल्या तर परिस्थिती साधारण स्थिर राहते. म्हणून मी ५ धरले. एकासाठी एक रॉकेट उडवायचं तर हे कधीच परवडणार नाही, त्यामुळे एकाच यानाने पाच करायचे.

आणि इथेच अडलंय. पाचही टप्प्यांची उंची आणि कल जवळपास सारखे, पण कक्षेची प्रतलं वेगवेगळ्या दिशांना वळलेली. दोघांच्या नोडमध्ये (कक्षा विषुववृत्त ओलांडते तो बिंदू) ६० अंशांचा फरक असेल तर प्रतल बदलायला माझ्या हिशोबाने ७ किमी प्रति सेकंद डेल्टा-व्ही (वेगातला बदल, ज्यासाठी इंधन जाळावं लागतं) लागतो!! म्हणजे जमिनीवरून कक्षेत जायला जेवढा लागतो त्याच्या जवळपास पाऊणपट. मी सूत्र चुकीचं लावतेय का? गाइड म्हणतायत एकच लक्ष्य घे आणि मोकळी हो, पण मला एकाने समाधान नाही.

घिरट्या:

सूत्र बरोबर आहे, उत्तर पण बरोबर आहे. पण प्रतल इंधनाने बदलायचं हा आग्रह सोडा, ते काम पृथ्वीकडून करून घ्या.

पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे ना, त्यामुळे प्रत्येक कक्षेचं प्रतल हळूहळू सरकत असतं, आणि किती सरकतं ते उंची आणि कलावर ठरतं. ८४० किमी आणि ७१ अंशांना नोड दिवसाला साधारण २.१ अंश पश्चिमेकडे सरकतो. तेच यान ६४० किमीवर आणलंत तर २.३ अंश. म्हणजे २०० किमी खाली नुसतं थांबलात तरी दिवसाला ०.२ अंशांहून थोडा जास्त फरक पडत जातो, ६० अंशांसाठी साधारण ९ महिने. खाली उतरायला १०५ मीटर प्रति सेकंद आणि परत वर चढायला तेवढेच. तुमच्या ७००० च्या जागी २१०!

एक काळजी घ्या, खालच्या कक्षेत तुम्ही पश्चिमेकडे जास्त जोरात सरकता, म्हणून लक्ष्यांचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे लावा. उलटा लावलात तर पूर्ण प्रदक्षिणा करून यावं लागेल आणि मग वर्षांवर वर्षं जातील. सगळ्यांचा कल सारखा आहे हे तुमचं मोठं नशीब, वेगवेगळा असता तर ही युक्ती चाललीच नसती.

धूमकेतू_२:

थँक्यू थँक्यू!! हे पुस्तकात वाचलं होतं, पण फक्त सूर्य-समकालिक कक्षेच्या (जिचं प्रतल सूर्याशी कायम तोच कोन ठेवतं) संदर्भात, इथे वापरता येईल हे डोक्यातच आलं नाही. आज रात्री परत रन करते.

रात्रपाळी:

त्या आधी दुसरी गोष्ट बघा, माझ्या मते खरा खर्च तिथे आहे. पकडल्यावर त्याला खाली कोण नेणार? तुमचं यान स्वतः घेऊन उतरलं तर ते पण जळणार, मग दुसऱ्याकडे जाणार कोण? बरं थोडं खाली सोडून परत वर यायचं म्हटलं तर ९ टनांची वस्तू अर्धवट सोडून चालत नाही. इंजिन आणि टाक्यांचे जड भाग वातावरणात पूर्ण जळत नाहीत, त्यामुळे कुठे पडणार ते आधीच ठरवायला लागतं, दक्षिण पॅसिफिकमधल्या पॉइंट नीमोच्या आसपास, जिथे जवळ कुठे जमीनच नाही. हवेचा अडथळा वाढवणारं शीड लावायची आयडिया पण म्हणूनच इथे नको, तो कुठे पडेल ते आपल्या हातात राहत नाही.

म्हणून वाहक वेगळा आणि किट वेगळं करा. वाहकाने प्रत्येक टप्प्याला एक छोटं इंजिन किट चिकटवायचं आणि पुढे निघायचं. ८४० किमीवरून नीचबिंदू (कक्षेचा पृथ्वीला सर्वात जवळचा बिंदू) ५० किमीपर्यंत आणायला साधारण २२० मीटर प्रति सेकंद लागतात, ९ टनांसाठी म्हणजे ७०० किलोच्या आसपास इंधन, प्रत्येकी. ५ किट म्हणजे साडेतीन टन नुसतं इंधनच झालं. ३ लक्ष्यं घ्या आणि ती नीट करा, माझा आग्रहाचा सल्ला.

धूमकेतू_२:

हो, हे पटलं. पण किट चिकटवायचं कुठे आणि कसं? हे टप्पे गरगर फिरत असतील तर? त्यांना ना हॅंडल ना डॉकिंग पोर्ट, ना ते आपल्या बाजूने काही सिग्नल देणार.

रात्रपाळी:

जुने टप्पे मुख्यतः ॲल्युमिनियमचे असतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरताना त्यांच्यात एडी करंट (धातूत उठणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि फिरणं वर्षानुवर्षं मंदावत जातं. पण गृहीत धरू नका, आधी जवळ जाऊन बघणं हा मिशनचा वेगळा टप्पाच ठेवा. जपानच्या ॲस्ट्रोस्केलच्या ॲड्रास-जे यानाने नेमकं हेच केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये उडालं आणि २००९ पासून वर असलेल्या एच-२ए रॉकेटच्या ३ टनी टप्प्याच्या १५ मीटर जवळ गेलं, चारी बाजूंनी फोटो काढले. पकडायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे उपग्रह जिथे बसवलेला असतो ते कडं, ते मुळातच भार घ्यायला बनवलेलं असतं. जाळं आणि हार्पून (दोरी बांधलेला भाला) दोन्ही रिमूव्हडेब्रिस या प्रायोगिक यानाने २०१८-१९ मध्ये करून दाखवलेत, पण दोरीला लटकलेल्या ९ टनांना नेमक्या दिशेने ढकलता येत नाही, तुम्हाला रोबोटिक हातच लागणार.

आकाशवाट:

तांत्रिक नाही पण रिपोर्टमध्ये घालाच. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे वस्तू मेली तरी मालकी ज्याची त्याचीच राहते, बेवारस म्हणून कुणीही उचलावी असं चालत नाही. हे टप्पे सोव्हिएत आणि नंतर रशियन उड्डाणांचे, तेव्हा परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. आणि पकडताना तो फुटला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९७२ च्या दायित्व कराराखाली येतो. जपानी यानाने जपानीच टप्पा निवडला तो उगाच नाही.

धूमकेतू_२:

अपडेट. ३ लक्ष्यं घेतली, नोडमधलं अंतर २५ आणि ४० अंश, पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रम लावला. थांबण्याचा काळ एकूण साधारण १० महिने. वाहक १ टन, किट प्रत्येकी १ टन धरलं तर वाहकाला एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला, दोन्ही वेळचं मिळून, साधारण साडेतीनशे किलो इंधन पुरतंय. आधीचे आकडे बघून रडू यायचं बाकी होतं, आता गाइडना दाखवायला नेता येईल असं काहीतरी हातात आहे, तिघांचे मनापासून आभार.

एक शंका राहिलीच. पहिल्या टप्प्याला किट लावून वाहक निघून गेला तर किटने लगेच इंजिन चालू करायचं, का वाहक ६४० किमीवर पोचेपर्यंत थांबायचं? खाली येणारा टप्पा माझ्या थांबायच्या उंचीतूनच जाणार आहे, तेही जवळपास त्याच प्रतलात, कारण तेव्हा मी फार सरकलेली नसणार. घिरट्या, तुम्ही बघाल का?

घिरट्या:

वाहक निघायच्या आधीच खाली पाठवा त्याला. वाहक वरच थोडा मागे सरकून थांबू दे, किटचं बर्न नीट झालं का ते कॅमेऱ्याने बघू दे, टप्पा पॅसिफिकमध्ये पडल्याचं नक्की झालं की मग उतरा. एखाद दिवस जाईल, १० महिन्यांत तो कुठेही मावतो. आणि किट चालू झालंच नाही तर तुम्ही अजून जवळच असाल, ते जास्त महत्त्वाचं.