मदत हवी आहे: फिन्टेलाची मादी नराकडे लक्षच देत नाही

रानवेडी: फिन्टेला विटाटा या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं प्रणयाराधन कॉलेजच्या प्रकल्पासाठी चित्रित करायचं आहे. झाकणाची काचेची डबी, वर एलईडी दिवा, कोळी बागेतून पकडलेले. नर पुढचे पाय उंचावून नागमोडी पुढे सरकतो. मादी एकदा वळून बघते आणि निघून जाते. चारही जोड्यांचं हेच झालं. कुठे चुकतंय?

अष्टपाद: आधी उजेड बदला. या जातीचा नर अतिनील-ब किरण (280 ते 315 नॅनोमीटर) परावर्तित करतो, आणि माद्या असाच नर पसंत करतात, हे 2008 साली प्रयोगातून पुढे आलं. ते किरण प्रकाश गाळणाऱ्या काचेने (फिल्टरने) अडवले की माद्यांची अशा नराला असलेली पसंती घटते. एलईडीत ते नसतातच, काचेचं झाकण उरलेसुरलेही अडवतं. मादीला नर दिसतो, पण जे पाहून निवड करायची तेच दिसत नाही.

झाकण काढून डबीच्या तोंडावर बारीक जाळीचं कापड बांधा. सकाळी साडेनऊ-दहाला मोकळ्यावर, विरळ सावलीत ठेवा. थेट उन्हात डबी तापून कोळी मरतात. कॅमेरा बाजूच्या काचेतून लावा.

मला दाट शंका मात्र वेगळीच आहे. बागेतली प्रौढ मादी बहुधा आधीच मिलन झालेली असते, आणि अशी मादी पुन्हा सहसा दाद देत नाही. प्रौढ व्हायला एकदाच कात टाकायची राहिलेली मादी पकडून वाढवा, शेवटच्या कातीनंतर आठवडाभर थांबा.

रानवेडी: कात शेवटची हे कसं कळायचं? आणि तिने नराला खाल्लं तर?

अष्टपाद: पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, जननछिद्राची गडद, कडक खूण भिंगातून स्पष्ट दिसली की मादी प्रौढ. नराचे तोंडाजवळचे पाल्प (छोट्या पायांसारखे दोन अवयव) नुसते फुगीर, गुळगुळीत असतील तर तो अजून कच्चा आहे. प्रौढाच्या पाल्पवर गुंतागुंतीची रचना दिसते.

आदल्या दिवशी मादीला पोटभर फळमाश्या द्या, उपाशी मादीजवळ नर सोडूच नका. तिला रात्रभर त्याच डबीत ठेवा. तिच्या धाग्यांच्या वासाने नर चेतवला जातो. नर मागाहून, दूरच्या कोपऱ्यात सोडा. लपायला एक पान हवंच. मादी पुढचे पाय उगारून अंगावर धावली की नर लगेच काढा. पुढच्या जोडीआधी डबी 70 टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर नर आधीच्या मादीच्या धाग्यांपुढेच नाचत बसेल.