अपडेट चालू असताना लाइट गेली, आता विंडोज सुरूच होत नाही

चादरीच्या दुकानातला डेस्कटॉप, विंडोज ११, एसएसडी. 'ऑटोमॅटिक रिपेअर'पर्यंत येतो, परत रीस्टार्ट होतो. टॅलीचा डेटा आतच आहे. फॉरमॅट न करता काही होईल का? – साखर पेठ, सोलापूर

होईल. फॉरमॅटची घाई नकोच. अपडेटच्या फाइल्स अर्धवट बदलल्या गेल्यात, म्हणून तो अडकतोय. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण १० सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी मेनू येतो. तिथं ट्रबलशूटमधून 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडा, आधी क्वालिटी अपडेट (दर महिन्याचं छोटं अपडेट) काढा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागेल; बहुतेकदा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. – होटगी रोड

त्याआधी डेटा बाहेर काढा, हे महत्त्वाचं! त्याच मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड चालवा, फाइल-ओपनमध्ये 'ऑल फाइल्स' निवडा. टॅलीच्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. इथं सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसतो, गोंधळू नका. – जुळे सोलापूर

अनइन्स्टॉल अडकलं तर कमांड प्रॉम्प्टमधून डिझम (DISM, विंडोज दुरुस्तीची कमांड) हिचा 'रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स' पर्याय चालवा; तो अर्धवट राहिलेले बदल मागे घेतो. ड्राइव्हचं अक्षर मात्र आधी डिस्कपार्ट या कमांडमध्ये पाहून घ्या. बूटरेक या बूट दुरुस्तीच्या कमांडमधल्या 'फिक्स एमबीआर'नं यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशिनवर काही फायदा होत नाही. आणि यूपीएसची बॅटरी तपासा. – अक्कलकोट रोड