अनुभव धागा : बसने, गटाने, एका दिवसात घाटातलं जंगल

दिवाळी सरली की आपल्या बेळगावकडची महिला मंडळं, भजनी मंडळं, गल्लीतली पोरं बस ठरवायला लागतात. काळी व्याघ्र प्रकल्पातलं अणशी राष्ट्रीय उद्यान, गोव्याच्या हद्दीतलं मोले आणि खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य हा सगळा सलग पट्टा आपल्या उंबऱ्याशी आहे. ज्यांनी गट नेलेत, गाडी चालवली, जेवण पुरवलं, त्यांनी नेमकं लिहा : किती वाजता निघायचं, गाडी कोणती, घोळ कुठे होतो आणि का होतो.

टिळकवाडी, सहली ठरवणारे

पहिली गोष्ट म्हणजे एका दिवसात एकच जंगल. दांडेली, अणशी, दूधसागर, तांबडी सुर्ला असं सगळं एका कागदावर लिहून आणणारे बरेच जण असतात. तेवढ्यात दिवस बसमध्येच मावळतो.

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेटमार्गे गणेशगुडी आणि पुढे दांडेली. चहा-नाश्ता धरून बसला तीन तास लागतात. पहाटेची सफारी धरायची तर रात्री अडीचला निघावं लागेल, पस्तीस माणसांना ते जमत नाही. म्हणून दुपारची फेरी घ्या. साडेसहाला निघालं की साडेनऊला गणेशगुडी, पक्षी आणि सुपा धरणाचा परिसर, साडेबाराला जेवण, अडीचला बस हलवायची आणि साडेतीनच्या आत फणसोलीच्या सफारी गेटवर हजर. निपाणी-चिक्कोडीकडून येणाऱ्यांनी यात दीड तास वाढवायचा. त्यांनी आदल्या रात्री बेळगावात मुक्काम केलेला बरा.

सफारी जीपमधून असते, बस गेटबाहेर थांबते. एका जीपमध्ये सहा-सात माणसं धरून जीपा आधी सांगून ठेवा. सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि नावांची यादी कागदावर हवी, कारण ऐन गेटवर रेंज जाते. यादी कन्नड किंवा इंग्रजीत करा. फोनवर बोलायला कन्नड चांगलं येणारा माणूस ठेवला की निम्मं काम तिथेच होतं.

खानापूर, बसचालक

४९ सीटची लांब बस स्वस्त पडते म्हणून घेतात. अणशी घाटाच्या वळणात तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक कडेवर चढतं. ३० ते ३५ सीटची आखूड गाडी घ्या. दांडेलीपर्यंतच जायचं असेल तर मोठी चालते.

उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, करपल्यासारखा वास येतो आणि ब्रेक धरेनासे होतात. वास आला की चालकमामांना गाडी बाजूला घ्यायला सांगा, त्यात त्यांनी कमीपणा मानू नये. थांबून वारा लागू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

भाडं ठरवताना विचारून घ्या : दिवसाचे किमान किलोमीटर किती धरलेत, चालकाचा भत्ता, गणेबैलचा टोल, गोव्यात जायचं तर परमिट नि कर कुणाकडे. हे आधी बोललं नाही की परतताना वाद ठरलेला.

शहापूर, महिला मंडळाच्या अक्का

उलटी होणारी माणसं मागच्या सीटवर बसवू नका. मागच्या चाकांच्या पुढे हेलकावा कमी असतो. गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, पोट ढवळल्यावर घेऊन काय उपयोग? एसी लावून काचा बंद केल्या की वासानेच अर्धी बस मळमळते.

जेवणाला धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची भाजी. ओल्या नारळाची चटणी उन्हात दुपारपर्यंत आंबते, ती नेऊ नका. पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे पस्तिसांना वीस लिटरचे चार जार. स्टीलचे पेले न्या, प्लास्टिक नाही. बायकांसाठी स्वच्छतागृहाचा थांबा खानापुरात किंवा लोंढ्यातच घ्या. पुढे जंगलात सोय नाही आणि रस्त्याकडेला उतरू देऊ नये.

रामनगर, गाईड

बिबट्या दाखवा, वाघ दाखवा, असा हट्ट नको. जीपमधून दिसतात ते बहुधा गवे, सांबर, शेकरू. आणि धनेश, म्हणजे हॉर्नबिल. बसची माणसं धनेश बघायला मान वर करून फांद्या चाळत बसतात. त्यापेक्षा गप्प उभे राहा. तो उडतो तेव्हा पंखांचा घसघस आवाज आधी येतो, मग पक्षी दिसतो. उंबर, नांदरूक पिकलं असेल त्या झाडाखाली वीस मिनिटं काढा. बोलणं बंद आणि मोबाईलचा आवाजही बंद. अत्तर लावून येऊ नका.

भीमगडमधल्या बारापेडे गुहा पाहायच्या म्हणून हट्ट करू नका. तिथे दुर्मीळ वटवाघळं आहेत, म्हणून गुहा बंद आहेत.

लोंढा, कुळ्याच्या वाटेवरचे

दूधसागरला पावसाळ्यात जीपा बंद असतात, कारण वाटेत ओढे ओलांडावे लागतात. बस गोव्यातल्या कुळे गावात थांबते, पुढे जीप. जीपमध्ये सात माणसं, म्हणून गट सातच्या पटीत करा. छत्तिसावा माणूस आला की एक आख्खी जीप त्याच्यासाठी घ्यावी लागते. रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल घाला. शेवटचं अंतर दगडांतून चालायचं असतं. परतताना गोव्याच्या हद्दीवर, अनमोडला, तपासणी होते. कुणाच्या पिशवीत गोव्याची बाटली निघाली की सगळी बस अडकते, हे निघतानाच सांगा.

जोयडा, आरोग्य खात्यातले

डिसेंबर ते मे या काळात माकडतापाकडे (केएफडी, क्यासनूर जंगलताप) लक्ष द्या. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. पिलू गोचीड तिळाहून बारीक असते, काखेत, गुडघ्याच्या मागे, कमरेच्या पट्ट्याखाली चिकटते आणि खरूज सुटल्यासारखी खाज येते. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा, वाळक्या पाल्यावर सतरंजी अंथरून जेवायला बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि कपडे लगेच उकळत्या पाण्यात टाका. पावसात गेलात तर जळवा असतात. ओढून काढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने सरकवा. आठवड्याभरात कडक ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आधी सांगा की जंगलात जाऊन आलो, आणि दिवस कुठला ते तारखेनिशी सांगा.