डॅनिश पेन्सिल-चित्रातलं मूल: मुलगा की मुलगी?

रेघोट्या: 1840च्या सुमाराचं कोपनहेगनचं पेन्सिल-चित्र. तीनेक वर्षांचं मूल, अंगात फ्रॉक, खाली झालरीची विजार. चित्राच्या नोंदीत नुसतं 'मूल'. मुलगा की मुलगी, ओळखायचं कसं? आणि या चित्रांतल्या मुली सारख्या विणतच का बसलेल्या?

जुना_कागद: फ्रॉकवरून काही ठरत नाही. मुलगेही चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकच घालत. शी-शूची सोय, शिवाय दुमड उसवली की वाढत्या अंगाला पुरे. झालरीची विजारही दोघांना. आधी भांग बघा: मधोमध असेल तर बहुधा मुलगी, बाजूला असेल तर बहुधा मुलगा. कुरळ्या केसांत मात्र भांग दिसतच नाही. मग हात बघा. चाबूक, ढोल, लाकडी घोडा मुलाकडे. बाहुली, सुया मुलीकडे.

नोंदीचं म्हणाल तर डॅनिश 'बार्न' म्हणजे आपलं 'मूल', तेही नपुंसकलिंगीच! उलट मुलीसाठीचा शब्द मोलकरणीलाही वापरत, तेव्हा 'मुलगी' लिहिलेली बाई वीस वर्षांचीही निघेल.

शिसपेन्सिल: विणकामाचं अर्धं कारण चित्रकाराच्या सोयीचं. कॉन्स्टन्टिन हान्सेन, क्योब्के हे त्या काळचे डॅनिश चित्रकार घरच्याच माणसांना समोर बसवत. मॉडेलचे पैसे वाचत. विणणारी मुलगी मान खाली घालून तासभर हलत नाही. चुळबुळ्या पोराचं डोकं नीट उतरतं, पाय दोन-तीनदा गिरवलेले राहतात, नाहीतर तो झोपेत सापडतो. चित्रावर चौकोनांची जाळी आखलेली असेल तर ते मोठ्या चित्राची तयारी. तिथली बैठक मुद्दाम रचलेली. तिच्यावरून घरातली रीत सांगू नये.

उरलेलं अर्धं कारण बघणाऱ्याचं. कोपनहेगनच्या कला अकादमीनं बायकांसाठी कलाशाळा काढली थेट 1888मध्ये, म्हणजे त्याआधीची ही नजर बहुतेक बापाची किंवा भावाची. मुलीच्या हातात पुस्तक दिसलं तर मात्र नवल नको, 1814च्या कायद्यानं शिक्षण दोघांनाही सक्तीचं होतं.

रेघोट्या: भांग डावीकडे, पण काखेत बाहुली!

जुना_कागद: मग भिंगाखाली बाहुली बघा. तिच्या अंगातून बाहीची रेघ आरपार जाताना दिसली तर बाहुली मागाहून घातलेली. कागद तिरप्या उजेडात धरा. खोडलेल्या जागी तंतू उभे राहतात. तसं काही नसेल तर भांगापेक्षा बाहुलीला जास्त वजन द्या, पण नोंदीत 'बहुधा' ठेवा.